हिवाळ्यातील करार आणि चाहते : संपादकीय तळटीप
हंगाम संपल्यावर बेसबॉलच्या चाहत्यांनी खेळाडूंच्या कराराच्या वावड्यांमागे धावण्याला लेखक येथे रिकामा उद्योग म्हणतात. ते पटत नाही. या उत्सुकतेला इतिहास आहे. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. खेळाडू कर्ट फ्लड यांनी त्याविरुद्ध दिलेला लढा १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अपयशी ठरला. डिसेंबर १९७५ मध्ये मात्र लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंना क्लबच्या या हक्कातून मोकळे केले. आज सहा वर्षांची सेवा भरलेला खेळाडू करार संपताच संघ स्वतः निवडू शकतो, म्हणजे संघाचे भवितव्य बरेचसे हिवाळ्यातच ठरते. मग चाहत्याने तिकडे पाठ का फिरवावी? वावड्या खोट्या निघतात, हे खरेच. डिसेंबर २०२३ मध्ये खेळाडू शोहेई ओहतानी टोरंटोच्या संघाशी करार करायला तिकडच्या विमानात असल्याची बातमी पसरली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सची निवड जाहीर केली. टोरंटोकरांची ती निराशा फार बोचरी होती. पण ओहतानींच्या करारातील ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी २०३४ पासून पुढे देण्याचे ठरल्याने संघाचा पगारखर्चावरील करभार कसा हलका होतो, याचा हिशेबही चाहत्यांनीच बारकाईने मांडला.