दुःखाचा प्रश्न, ख्रिस्ती धर्मविचारातील

ईश्वर प्रेमळ व सर्वशक्तिमान असेल तर जगात दुःख का, या प्रश्नाचा ख्रिस्ती परंपरेतील विचार. त्याचा सर्वांत तीव्र आविष्कार जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात आढळतो. नीतिमान ईयोबाची मुले, संपत्ती व आरोग्य हिरावले जाते; हे पापाचेच फळ, असे बजावणाऱ्या त्याच्या मित्रांवर देव अखेरीस रागावतो. पीडितालाच अपराधी ठरवणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर धर्मग्रंथांत क्वचितच मिळेल.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते वाईटाला स्वतंत्र अस्तित्व नाही. ते चांगल्याचा अभाव असून मानवी स्वातंत्र्याच्या गैरवापरातून उद्भवते. आयरेनियस या दुसऱ्या शतकातील बिशपांच्या विचारांना धरून तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६६ मध्ये जग हे आत्म्याच्या जडणघडणीचे स्थान मानले.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला भूकंप झाला आणि चर्चमध्ये जमलेले भाविक ढिगाऱ्याखाली गेले. हे जग शक्य जगांपैकी सर्वोत्तम आहे, हे तत्त्वज्ञ लायब्निट्स यांचे १७१० मधील प्रतिपादन त्यानंतर अनेकांना पटेनासे झाले. भूकंप किंवा बालकाचा आजार यांचा उलगडा केवळ मानवी स्वातंत्र्याने होत नाही, ही ऑगस्टीन यांच्या स्वातंत्र्यावर आधारलेल्या युक्तिवादाची खरी उणीव होय.

१९४३ च्या हॅम्बर्गवरील बाँबहल्ल्यातून वाचलेले धर्मपंडित युर्गेन मोल्टमान यांनी ‘क्रुसावर खिळलेला देव’ (१९७२) या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात, ख्रिस्ताच्या मरणात देव स्वतः दुःख सोसतो, असे मांडले. ही भूमिका सर्वांत प्रामाणिक वाटते. मात्र देव दुःखातीत आहे ही प्राचीन शिकवण मानणारे अनेक धर्मपंडित ती स्वीकारत नाहीत.