'प्रमुख' आणि 'प्रॉमिनंट': जुळवलेली सोयरीक

'प्रॉमिनंट' हा शब्द आपल्या 'प्रमुख'वरूनच इंग्रजीत गेला, असे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सुशिक्षित माणसेही छातीठोकपणे सांगतात. दोन्हींत 'प्र', पुढे 'म', आणि अर्थही तोच. मग आणखी पुरावा कशाला?

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. 'दन्त' आणि लॅटिन 'डेन्स', 'पितृ' आणि 'पातेर' यांचे नाते खरे आहे. 'प्र' आणि लॅटिन 'प्रो' हेही सख्खे भाऊ आहेत. पण भावाला बाप ठरवता येत नाही. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडले ते याचसाठी. शिवाय वारशाने आलेल्या इंग्रजी शब्दांत या 'प'चा 'फ' होतो: 'पितृ'चा 'फादर', 'प्र'च्या कुळातला 'फोर'. 'प्रॉमिनंट'मधला 'प' शाबूत आहे, कारण तो शब्द लॅटिनमधून उसना घेतलेला आहे.

उपसर्गापुढे तर वाटाच वेगळ्या. 'प्रमुख'मध्ये मुख आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायातले 'प्रमुखतः' म्हणजे तोंडासमोर. 'प्रॉमिनंट' ज्यातून आला त्या लॅटिन 'प्रोमिनेरे' या क्रियापदात मुखाचा मागमूस नाही. 'प्रो' म्हणजे पुढे, 'मिनेरे' म्हणजे बाहेर झुकणे, वर येणे. 'एमिनंट' आणि 'इमिनंट' ही त्याचीच भावंडे: एक उंच उठलेले, दुसरे डोक्यावर येऊन ठेपलेले. डोंगराला लॅटिनमध्ये 'मोन्स' म्हणतात, तोही याच धातूचा मानतात.

अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलपाशी जावे. सुमारे २०० फुटांचा काळ्या बेसाल्टचा उभा सुळका, माथ्यावर गावदेवीचे देऊळ, पायथ्याला भिडलेल्या इमारती. भोवतालचा दगड खाणींनी नेला, त्यामुळे तो जास्तच उठून दिसतो. हा 'प्रॉमिनंट'. प्रमुख व्हायला मागे रांग लागते. हा कोणाच्याच पुढे उभा नाही. माणसाच्या मोठेपणाचा अर्थ या शब्दाला फार नंतर चिकटला.

म्हणूनच 'प्रॉमिनंट'च्या जागी डोळे झाकून 'प्रमुख' लिहिणे मला खटकते. आपल्याकडे 'ठळक' आहे, 'उठून दिसणारा' आहे. मान खाली घालून मागे हात लावा. तिथे जो मणका बोटाला लागतो, तो मानेचा सातवा. शरीरशास्त्रात त्याला 'व्हर्टिब्रा प्रॉमिनन्स' म्हणतात. तो मणक्यांचा प्रमुख नाही. फक्त वर आलेला आहे.