पट्टी सोडल्यानंतरचीं वर्षें



महाडहून सावित्रीच्या कांठाकांठानें वर गेलें म्हणजे पोलादपूर लागतें. तेथें कवींद्र परमानंदाची समाधि आहे. परंतु त्याच्या 'शिवभारता'ची पोथी हातीं लागली ती दूर तंजावरच्या सरस्वती महालांत. त्याच ग्रंथालयांत सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या वेळचे आणखी कांहीं कागद आहेत. नेत्ररोग्यांच्या नोंदी आहेत त्या : रोग्याच्या डोळ्याचें रंगीत चित्र, आणि त्यासोबत रोगाची व उपचाराची हकीकत. राजेसाहेबांच्या ग्रंथसंग्रहाची कीर्ति मोठी; मला मात्र हे थोडेसे कागदच अधिक मोलाचे वाटतात. कां, तें सांगतों.

मोतीबिंदु म्हणजे डोळ्यांतील भिंग गढूळ होणें. तें बाहेर काढण्याची पद्धति दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७४७ मध्यें सुरू केली. तत्पूर्वीं, आणि आपल्याकडे त्यानंतरही दीर्घकाळ, सुईनें भिंग बाहुलीसमोरून बाजूला ढकलून देत. गांवोगांव हिंडणारे वैदू हेंच करीत. रोग्याला तत्काळ दिसूं लागे, बिदागी मिळे आणि वैदू पुढच्या गांवीं जाई. मागाहून डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदु झाला, दृष्टि कायमची गेली, तर तें पाहावयास तो तेथें कोठें होता? मद्रासच्या नेत्ररुग्णालयांत काम केलेले इलियट यांनीं १९१७ च्या सुमारास या सुईच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला, तेव्हां अशा गमावलेल्या डोळ्यांचा हिशेब कोणीतरी मांडला.

आतां ती सुई मागें पडली. पण जन्मतःच मोतीबिंदु असलेल्या बालकाचा धोका अजून टळलेला नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं भिंग निर्दोषपणें काढलें, तरी कित्येक मुलांच्या डोळ्यांतील पाण्याचा निचरा करणारी बारीक जाळी पुढें नीट काम करीनाशी होते. पाणी तुंबतें, दाब वाढतो, दृष्टीची नस झिजते. अमेरिकेंत एका डोळ्यांत मोतीबिंदु असलेल्या ११४ तान्ह्या मुलांची दहा वर्षें पाहणी झाली. काचबिंदूचें प्रमाण पहिल्या वर्षाअखेर शेंकडा ९, पांचव्याअखेर १७, दहाव्याअखेर २२ असें वाढत गेलें. कृत्रिम भिंग बसविल्यानेंही तें कमी झालें नाहीं. शिवाय पेंच असा कीं, पहिल्या महिन्यांतच शस्त्रक्रिया करावी तर हा धोका वाढतो, आणि फार थांबावें तर मेंदू त्या डोळ्यानें पाहावयास शिकतच नाहीं.

पोलादपूरकडील डोंगरवाडींतल्या आईला याचा अर्थ काय? पट्टी सुटते, मूल दिव्याकडे पाहून हंसतें आणि घरचीं माणसें सुटकेचा श्वास टाकतात. पुढें आवणीचे दिवस येतात, पावसानें वाट बंद होते. चांगलें दिसतें आहे, मग मुंबईची खेप कशाला, असें म्हटलें जातें. त्यांत त्यांचा दोष मी मानीत नाहीं. तान्हेपणीं बुबुळ मोठें होणें, पाणी गळणें, उजेड न सोसणें या खुणा तरी दिसतात. तीन वर्षांपुढें पुष्कळदां कांहींच दिसत नाहीं. दाब मोजावा तेव्हांच कळतें, आणि लहान मुलाला त्यासाठीं कधीं भूलहि द्यावी लागते. वेळीं कळलें तर औषधाच्या थेंबांनीं, न भागल्यास पुन्हां शस्त्रक्रियेनें, उरलेली दृष्टि राखतां येते. गेलेली परत येत नाहीं.

तंजावरच्या कागदांची आठवण होते ती येथें. शस्त्रक्रियेची तारीख, प्रत्येक वेळच्या दाबाचा आंकडा, दवाखान्याचीं टिपणें हीं सारीं त्या आईनें एका पिशवींत जपून ठेवावीं, आणि मूल मोठें होऊन पुण्या-मुंबईस नोकरीला निघालें म्हणजे ती पिशवी त्याच्या स्वाधीन करावी. तपासणी त्यालाही चुकत नाहीं.