रोझिकाबाईंची काळी पिशवी

दसरा उलटला की आमच्या घरी माळा आवरायला काढतात. १९९८ च्या दिवाळीआधी मी असाच माळा आवरला आणि आत्याची पत्र्याची ट्रंक रिकामी करून टाकली. आत्या त्याच वर्षी उन्हाळ्यात गेली होती. तिने जन्मभर खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांतून शिकवले, इथल्या साप्ताहिकांतून अधूनमधून लिहिले. आलेले प्रत्येक पत्र ती जपून ठेवी आणि पाठवलेल्या पत्राची नक्कलही. रद्दीवाल्याच्या काट्यावर ते सारे अकरा किलो भरले. आलेल्या पैशांतून पणत्या आणि उटणे आणले. मी तेव्हा नुकताच इतिहासाचा शिक्षक झालो होतो, हे आज सांगताना मान खाली जाते. पण रोझिका श्विमर या बाईंविषयी लिहायचे तर मला सुरुवात इथूनच करावी लागते.

श्विमर हे नाव मला प्रथम भेटले ते एम.ए.च्या अभ्यासात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचे शीर्षक म्हणून. ती बाई होती, पत्रकार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यावेसे वाटलेही नाही. परीक्षेला तेवढे लागत नसे.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८७७ चा, बुडापेस्टचा. बालपण मात्र टेमेश्वार आणि साबाडका या गावांकडे गेले. ही दोन्ही गावे तेव्हा हंगेरीत होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने एक रुमानियात गेले, दुसरे पुढे युगोस्लाव्हिया म्हटल्या गेलेल्या राज्यात. गाव जागेवरच राहते आणि राज्य बदलते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको; १ नोव्हेंबर १९५६ ची तारीख आपल्या घरोघरी पाठ आहे. अशा मुलखातल्या माणसाला भाषा चार येतातच. श्विमरबाईंना हंगेरियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी येत होत्या आणि वाचण्यापुरत्या आणखी काही.

पहिली नोकरी हिशेबनिसाची. मला वाटते, कागद जपण्याची सवय तिथलीच असावी. पुढे १८९७ साली कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची संघटना, १९०४ साली विल्मा ग्ल्यूक्लिश यांच्यासोबत स्त्री-हक्कांची संस्था आणि १९०७ पासून त्या संस्थेचे ‘स्त्री आणि समाज’ या अर्थाच्या नावाचे मासिक. शार्लट पर्किन्स गिलमन यांचा स्त्रिया आणि अर्थकारण यांवरचा ग्रंथही त्यांनी हंगेरियनमध्ये आणला.

१९१४ साली त्या लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेचे वृत्तपत्रविषयक काम पाहत होत्या. साराजेव्होला युवराजाचा खून झाला होता आणि लंडन नेहमीच्या गडबडीत होते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्या मंत्री लॉइड जॉर्ज यांना भेटल्या आणि सर्बियाचा प्रश्न नीट हाताळला नाही तर युरोपभर युद्ध पेटेल असे त्यांना बजावले. कोण मनावर घेणार? पुढे लॉइड जॉर्ज यांनीच आपल्या युद्धविषयक आठवणींत या इशाऱ्याची नोंद केली, पण तोवर जवळजवळ वीस वर्षे लोटली होती.

एप्रिल १९१५ मध्ये हेग येथे युद्धखोर आणि तटस्थ अशा दोन्हीकडच्या देशांतल्या स्त्रिया एकत्र जमल्या. जेन ॲडम्स अध्यक्षस्थानी होत्या. तटस्थ राष्ट्रांनी एकत्र बसून सतत मध्यस्थी करावी, अशी तिथली मागणी. ठराव घेऊन स्त्रियांची शिष्टमंडळे राजधान्याराजधान्यांत गेली आणि मंत्र्यांना भेटली. आपले सरकार अशा मध्यस्थीला आडवे येणार नाही, असे काहींनी सांगितले. ही टिपणे, ही पत्रे श्विमरबाईंच्या काळ्या पिशवीत होती.

त्या वर्षी नोव्हेंबरात मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांची आणि त्यांची गाठ पडली. फोर्ड यांनी एक आगबोटच ठरवली. ४ डिसेंबर १९१५ रोजी ‘ऑस्कर दुसरा’ ही बोट होबोकनच्या धक्क्यावरून निघाली. बोटीवर शांततावादी होते, विद्यार्थी होते आणि बातमीदारांची फौज होती. बातमीदारांना युद्धाच्या बातमीपेक्षा बोटीवरच्या भांडणाची बातमी सोपी होती. त्यांनी काळ्या पिशवीला धरले. दाखवा तिच्यात काय आहे ते! विश्वासाने सांगितलेले मंत्र्यांचे शब्द छापायला देणे बाईंना प्रशस्त वाटेना. झाले, पिशवी रिकामी आहे अशी टवाळी सुरू झाली. त्या स्वतः पत्रकार होत्या, तरी आपल्याच व्यवसायबंधूंना सांभाळणे त्यांना जमले नाही. स्वभाव हट्टी, थोडा हुकूमशाही. सहकारीही दुखावले गेले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नॉर्वेला पोहोचल्यावर काही दिवसांतच फोर्ड आजारपणाने घरी परतले, आणि जगाच्या लेखी ती मोहीम विनोदाचा विषय होऊन बसली.

युद्ध संपताना हंगेरीत कारोई यांचे सरकार आले आणि त्याने श्विमरबाईंना स्वित्झर्लंडमध्ये वकील म्हणून पाठवले. हा मान त्या काळी स्त्रीला अपूर्वच. पण तो काही महिन्यांचा. सरकार बदलले, पुन्हा बदलले. प्राण वाचवायला त्या व्हिएन्नाला गेल्या आणि १९२१ मध्ये अमेरिकेला. तिथे कोणी त्यांना जर्मनांची हेर म्हणे, कोणी बोल्शेविकांची. एका लेखकावर त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि १७,००० डॉलरची भरपाई मिळवली. अशा दाव्यात जपलेले कागद कामी येतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगायला नको.

नागरिकत्वाच्या अर्जात बाविसावा प्रश्न होता: वेळ पडल्यास या देशाच्या रक्षणासाठी शस्त्र हाती घेण्यास तयार आहात काय? अर्ज करणारी बाई पन्नाशीच्या घरातली; सैन्यात लढायला तेव्हा कोणत्याच बाईला घेत नसत. ‘होय’ लिहून मोकळे होता आले असते. त्यांनी लिहिले, मी स्वतः शस्त्र घेणार नाही.

आमच्याकडे प्रवेश अर्जावर मातृभाषेचा रकाना असतो. आई मराठी, वडील कानडी अशा घरातला एक पालक परवा माझ्यासमोर पेन हातात धरून बराच वेळ थांबला. “सर, दोन्ही लिहिल्या तर?” रकान्यात जागा एकाच शब्दाची. मला बाविसावा प्रश्न आठवला. तुलना ताणू नये हे समजते. त्या पालकाचे फारसे काही बिघडणार नव्हते. श्विमरबाईंचे सगळेच बिघडले.

१९२७ साली खालच्या कोर्टाने अर्ज फेटाळला. १९२८ मध्ये अपिलात त्या जिंकल्या. २७ मे १९२९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पुन्हा नकार दिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती होम्स तेव्हा ८८ वर्षांचे. यादवी युद्धात तीनदा जखमी झालेला हा माणूस, शांततावादी मुळीच नव्हे. विचारस्वातंत्र्य म्हणजे आपल्याला न रुचणाऱ्या विचाराचेही स्वातंत्र्य, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. पुढे दोघांचा पत्रव्यवहारही झाला. १९४६ साली दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने आपली जुनी भूमिका सोडली, पण श्विमरबाईंना नागरिकत्व कधीच मिळाले नाही. हंगेरीचे गेलेले, अमेरिकेचे न मिळालेले. अखेरपर्यंत त्या बिनदेशाच्या राहिल्या.

सव्वीस-सत्तावीस वर्षे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर काढलेली ही बाई तेव्हा काय करत होती? कागद लावत होती. १९३५ साली इतिहासकार मेरी बिअर्ड यांच्यापुढे त्यांनी कल्पना मांडली की, स्त्रियांच्या कागदपत्रांचे एक जागतिक दफ्तर असावे. संस्था निघाली. कागद नाही तर इतिहास नाही, असे तिचे ब्रीद होते. पैसा जमेना, मतभेद झाले आणि १९४० मध्ये ती बंद पडली. मग १९४२ साली श्विमरबाईंनी आपला आणि जिवलग मैत्रीण लोला मॅव्हरिक लॉइड यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन केला. पत्रे, कात्रणे, पत्रके, छायाचित्रे, सभांची टिपणे. टवाळीची कात्रणेसुद्धा त्यांनी फेकली नव्हती. ज्या पिशवीला जग रिकामी म्हणाले, तिच्या काळातले कागद आज कोणाही अभ्यासकाला तिथे मागवून वाचता येतात.

१९४८ च्या नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. ३ ऑगस्टला त्या न्यूयॉर्कमध्ये वारल्या. त्या वर्षी पुरस्कार कोणालाच दिला नाही. योग्य अशी हयात व्यक्ती नाही, असे समितीने म्हटले. गांधीजी जानेवारीतच गेले होते.

हे वाचताना मला आपल्या तानुबाई बिर्जे आठवत राहिल्या. श्विमरबाईंच्याच पिढीतल्या. पती वासुदेवराव बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयाचे काम पाहत. त्यांच्यामागे ‘दीनबंधु’ तानुबाईंनी चालवला. देशात स्त्रीने वृत्तपत्र संपादणे तेव्हा दुर्मीळच होते. त्यांचे छापील अग्रलेख थोडेफार वाचायला मिळाले. त्यांना आलेली पत्रे, खर्चाच्या वह्या, एखादी रोजनिशी? माझ्या हाती कधी लागली नाही. एखाद्या माळ्यावरून तीही काट्यावर गेली असतील काय, हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही.

आत्याचा एकच कागद राहिला आहे. अनारशांच्या मापाची चिठ्ठी म्हणून आईने तो डब्यात ठेवला होता. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेले संपादकांना पत्र आहे, गावच्या शाळेत मुलींसाठी वेगळा संडास हवा म्हणून. तारीख नाही, आणि दुसरे पान नाही.