फडावरची बाई

सोलापूरचा कविराय म्हणून रामजोशाचे नाव आपण अभिमानाने घेतो. पेशवाईच्या उत्तरकाळात या विद्वान ब्राह्मण कुळातील तरुणास तमाशाचा नाद लागला, तेव्हा वडील बंधूंनी त्यास घराबाहेर काढिले. पुढे पंढरपुरास विद्या संपादून तो परतला, कीर्तने करू लागला, आणि समाजाने त्यास पदरात घेतले. पण त्याच्या फडात नाचणाऱ्या बयेचे काय? तिच्यासाठी परतीची वाट कोणती होती? आख्यायिकांपलीकडे तिचे काहीच उरलेले नाही. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला व हंसा वाडकरांची बया लोकांनी डोक्यावर घेतली. पडद्यावरच्या बयेस घरी बोलवावे लागत नाही, हीच काय ती सोय!

रात्री दौलतजादा करणारा गृहस्थ सकाळी त्याच बाईस ओळख देत नसे. पंढरपुरास १९३५ साली जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा सन्मान लाभला, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या वारल्या. मग सरकारने त्यांच्या नावे पुरस्कार ठेविला.

नाचणारीच्या मुलास तर शाळेत बापाचे नाव विचारीत. करमाळा तालुक्यातील अशाच एका मुलाने, पुढे डॉक्टर होऊन, १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर बापाच्या नावाच्या जागी त्याने आईचे नाव घातले: किशोर शांताबाई काळे.