मेंदूची साखर आणि उपच्छाया

मेंदूला आम्ही खर्चिक म्हणतो ते उगीच नव्हे. वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. आणि साखरेची शिल्लक म्हणाल तर जवळजवळ नाहीच. हा जमाखर्च माणसात मांडता आला तो फिलाडेल्फियाच्या केटी व श्मिट यांच्यामुळे. १९४५ साली त्यांनी नायट्रस ऑक्साइड (तोच तो हसवणारा वायू!) हुंगवून मेंदूचा रक्तप्रवाह मापण्याची रीत काढली. शंभर ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर.

हा ओघ आटला तर? मेंदू प्रथम उरल्या रक्तातूनच अधिक प्राणवायू ओढतो. तोही पुरेना, की पेशी प्राणवायूवाचून साखर फोडू लागतात. पण जिथे एका कणामागे शक्तीची तीसेक नाणी पडत, तिथे आता दोनच. शिवाय लॅक्टिक आम्ल साचते ते वेगळेच. साखर भराभर खर्ची पडते, भूक मात्र भागत नाही.

१९८१ साली आस्ट्रुप, सीस्यो व सायमन यांनी पायऱ्या दाखविल्या: प्रवाह २० च्या खाली गेला की पेशी मुकी होते, १० च्या आसपास मरू लागते. मधल्या मुक्या पण जित्या पट्ट्याला त्यांनी ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले. आमच्या मते हे नामकरणच मोठे काम होते. ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्या घरात हाच पट्टा रातोरात हातचा जातो. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास अधिक रुग्ण सावरतात, हे १९९५ साली अमेरिकेत दिसले; २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत सरकली.