व्हॉलीबॉलची कुळकथा

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात नव्याने व्हॉलीबॉल शिकू लागलेली मुले चेंडूचे आघात झेलून झेलून आपले कोवळे हात कोपरापर्यंत लाल करून घेतात. परंतु हा खेळ मुळात त्यांच्या वयाच्या पोरांसाठी नव्हे, तर दिवसभराच्या कामाने थकलेल्या पोक्त गृहस्थांसाठी निर्माण झाला, हे त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते. ज्या अमेरिकन व्यायामशिक्षकाने तो निर्माण केला, त्या विल्यम मॉर्गनचे नावही आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मॉर्गनचा जन्म १८७० साली न्यूयॉर्क संस्थानातील लॉकपोर्ट येथे झाला. स्प्रिंगफील्डच्या ज्या विद्यालयात १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथने बास्केटबॉलला जन्म दिला, तेथेच त्याचे शिक्षण झाले आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधील होल्योक गावच्या वाय.एम.सी.ए.मध्ये तो व्यायामशिक्षक म्हणून रुजू झाला. तेथे येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना बास्केटबॉलची धावपळ आणि अंगाशी अंग भिडवणारी झटापट झेपेना. तेव्हा १८९५ साली मॉर्गनने टेनिसमधील रॅकेटला फाटा देऊन जाळे तेवढे घेतले आणि ते साधारण उंचीच्या माणसाच्या डोक्याच्या किंचित वर, म्हणजे साडेसहा फुटांवर बांधले.

चेंडूपाशी मात्र घोडे अडले. बास्केटबॉलच्या आतला नुसता रबरी फुगा घ्यावा, तर तो फारच हलका आणि मंदगती. सबंध बास्केटबॉल घ्यावा, तर तो जड. अखेरीस त्याने स्पाल्डिंग कंपनीकडून आत रबरी फुगा आणि बाहेर चामड्याचे कवच असा खास चेंडू करवून घेतला, ज्याचा परीघ २५ ते २७ इंच आणि वजन ९ ते १२ औंस होते. खेळ कोणाच्या शरीरासाठी आहे याचे भान शेवटपर्यंत न सोडता एकेका साधनाची पारख करणारी ही चिकाटी मला त्या शोधाचे खरे मर्म वाटते.

आरंभीच्या नियमांत खेळाडूंच्या संख्येवर बंधन नव्हते. सामना नऊ डावांचा असे, आणि सर्व्हिस चुकली तर दुसरी संधी मिळे. मॉर्गनने खेळाला दिलेले ‘मिंटोनेट’ हे नाव १८९६ साली स्प्रिंगफील्डच्या प्रात्यक्षिकानंतर हॉलस्टेड नामक प्राध्यापकाच्या सूचनेवरून बदलले. चेंडू एकाने उंच उचलून द्यावा आणि दुसऱ्याने तो सपकन खाली मारावा, ही आजच्या खेळातील सर्वांत रोमहर्षक रीत त्यानंतर फिलिपाईन्समध्ये, १९१६ च्या सुमारास रूढ झाली.

हिंदुस्थानात हा खेळ वाय.एम.सी.ए.मार्फतच आला. स्प्रिंगफील्डच्याच परंपरेतील हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली मद्रासेत शारीरिक शिक्षणाचे विद्यालय स्थापिले, आणि अशा संस्थांतून तयार झालेल्या शिक्षकांनी तो शाळाशाळांत नेला. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तर त्याची ‘शूटिंग व्हॉलीबॉल’ ही स्वतंत्र शाखाच फुटली, जिचे सामने जत्रेत भरतात आणि पाहायला अवघे गाव लोटते. यात नवल नाही; कारण दोन खांब, एक जाळे, एक चेंडू आणि अंगणाएवढी सपाट जागा मिळाली की खेळ उभा राहतो, आणि शेतातून अंग मोडून परतलेल्या चाळिशीच्या माणसालाही त्यात विशीच्या पोराच्या बरोबरीने उभे राहता येते. होल्योकच्या व्यापाऱ्यांची गरज आणि आमच्या शेतकऱ्यांची गरज एकाच जातीची होती.

मॉर्गन पुढे व्यायामशिक्षण सोडून जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस या कारखानदारी कंपन्यांच्या नोकरीत गेला व १९४२ साली निवर्तला. आंतरराष्ट्रीय महासंघाची १९४७ मधील स्थापना किंवा १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधील खेळाचा प्रवेश त्याच्या दृष्टीस पडला नाही. क्रीडाशिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की नव्या मुलांना सर्व्हिस शिकविण्याआधी त्यांनी या माणसाचे नाव आणि त्याने हा खेळ कोणासाठी केला, हे अवश्य सांगावे.